ओरांगउटान पाहायला बोर्निओला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२४मध्ये मी आणि ताई बोर्निओ बेटावरच्या सबाह राज्यात दहा दिवस राहून आलो. तेव्हापासून शाळेतले सहकारी, जुने विद्यार्थी, त्यांचे पालक, एकदा तर चिपळूण-रत्नागिरी एसटीत शेजारी बसलेल्या बाई, सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे. एखादा प्राणी त्याच्या स्वतःच्या जंगलात पाहायचं लहानपणापासून मनात असलेल्यांसाठी तर नक्कीच.

ही ओढ लागली कशी?

मामा बोटीवर होता. १९७९ साली त्याची बोट सबाहच्या सांडाकान बंदरात लाकूड भरून जपानला न्यायची. तिथून त्याने मला एक पोस्टकार्ड पाठवलं. मी तेव्हा तिसरीत होते. कार्डावर तांबूस केसांची एक वानर आई आणि तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू. मागे मामाचं अक्षर: "याला इथले लोक जंगलातला माणूस म्हणतात." मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे जंगल, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ते कार्ड भूगोलाच्या वहीत राहिलं, मग कपाटात, मग लग्नानंतर ट्रंकेत.

कॉलेजात असताना लक्षात आलं, की मामाची बोट जे ओंडके नेत होती ते याच प्राण्याचं घर होतं. सत्तरच्या दशकात सबाहच्या उत्पन्नाचा मोठा वाटा लाकडातून यायचा आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपान होतं. मामा पगारी खलाशी. त्याच्या मनीऑर्डरींवर आजोळच्या घराची कौलं बदलली. त्याला मी दोष देत नाही. पण ज्या बोटीने ते जंगल नेलं तिनेच मला त्याचं चित्र आणून दिलं, हे मनातून जात नाही. खालची बरीचशी उत्तरं त्यातूनच आली आहेत.

बोर्निओ नेमकं कुठे आहे? आणि सबाहच का?

ग्रीनलंड आणि न्यू गिनी यांच्यानंतर जगातलं तिसरं मोठं बेट. विषुववृत्त त्याच्या मधून जातं. ते तीन देशांत वाटलेलं आहे: उत्तरेला मलेशियाची सबाह आणि सारावाक ही राज्यं, त्यांच्यामध्ये चिमुकला ब्रुनेई आणि बाकी सगळा इंडोनेशियाचा कालिमंतान.

कालिमंतानमधल्या तांजुंग पुतिंगलाही लोक जातात. तिथे बिरुटे गाल्डिकास यांनी १९७१पासून ओरांगउटानचा अभ्यास केला आणि प्रवासी लाकडी होडीवरच राहतात, तेही सुंदरच असणार. मला सबाह हवं होतं, कारण पोस्टकार्ड सांडाकानचं होतं. शिवाय सबाहमध्ये सेपिलोकचं ओरांगउटानच्या पिल्लांचं अनाथालय, किनाबातांगान नदी आणि दानुमचं जुनं जंगल ही तिन्ही ठिकाणं एकाच सहलीत होतात.

व्हिसा आणि विमानाचं काय?

भारतीयांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत १ डिसेंबर २०२३ला सुरू झाली आणि ती ३१ डिसेंबर २०२६पर्यंत आहे. तिकीट काढण्याआधी ताजी स्थिती बघून घ्या. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावं लागतं.

मुंबईहून क्वालालंपूर सुमारे पाच तास, तिथून सांडाकान पावणेतीन तास. सबाहला इमिग्रेशनचे स्वतःचे अधिकार आहेत. त्यामुळे क्वालालंपूरहून येताना विमान देशांतर्गत असलं तरी सांडाकानला उतरल्यावर पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो. आम्ही तो बॅगेच्या तळाशी ठेवला होता. तुम्ही हाताशी ठेवा.

कोणत्या महिन्यात जावं?

मार्च ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि नदीकाठ पाण्याखाली जाऊ शकतो. "कोरडा" म्हणतात त्या महिन्यांतही पाऊस येतोच, आम्ही दहापैकी सहा दिवस भिजलो. कोकणातल्या माणसाला त्याचं काही वाटू नये.

किती दिवस काढावेत?

निदान आठ रात्री. आमचा क्रम असा होता: सेपिलोक दोन, किनाबातांगान नदीवर तीन, दानुम खोऱ्यात तीन. हा क्रम मी सगळ्यांना सुचवते. सेपिलोकला ओरांगउटान जवळून दिसतो आणि डोळ्यांना सवय होते. मग नदीवर दूरच्या फांदीवरचा तांबडा ठिपका ओळखता येतो. आणि दानुमला पोहोचेपर्यंत थांबायला जमू लागतं. चार दिवसांत "सगळं कव्हर" करून देणाऱ्या सहलीही असतात. पंचेचाळीस वर्षं वाट पाहिलेल्या गोष्टीला चार दिवस देऊ नका.

सेपिलोक म्हणजे प्राणिसंग्रहालय का?

नाही. ते १९६४ साली सुरू झालेलं पुनर्वसन केंद्र आहे, सांडाकानपासून साधारण २५ किलोमीटरवर, ४३ चौरस किलोमीटरच्या राखीव जंगलाला लागून. जंगल तोडताना किंवा मळ्यात आई मारली गेलेली, किंवा कुणी घरात पाळलेली पिल्लं इथे आणतात. ओरांगउटानचं पिल्लू सहा-सात वर्षं आईजवळ राहतं. कोणतं फळ कधी पिकतं, कोणती फांदी वजन पेलेल, रात्रीसाठी फांद्या वाकवून घरटं कसं करायचं, हे सगळं ते आईकडून शिकतं. आई नसेल तर ते माणसांनी शिकवावं लागतं आणि त्याला वर्षं जातात.

सकाळी दहा आणि दुपारी तीन वाजता जंगलातल्या चौथऱ्यावर फळं ठेवतात. येणं न येणं प्राण्यांच्या मर्जीवर. आम्ही गेलो त्या दुपारी एकही आला नाही आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा चेहरा खुलला: जंगलात फळं मुबलक आहेत, म्हणजे त्यांना आपली गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आल्या, त्यातल्या एकीच्या पोटाला पिल्लू होतं. ताईने माझा हात धरला. कार्डावरची तीच बसायची ढब.

सर्दी-खोकला असेल तर कृपा करून जाऊ नका. आपले आजार त्यांना लागतात. शेजारीच सूर्य-अस्वलांचं केंद्र आहे, वोंग सिउ ते यांनी २००८ साली उभारलेलं. तेही बघा. जगातलं सगळ्यात छोटं अस्वल, छातीवर पिवळसर चंद्रकोर, आणि मलय भाषेतलं त्याचं नाव "बेरुआंग मादू". मादू म्हणजे आपला मधू, मध.

नदीवर काय काय दिसतं?

किनाबातांगान ही सबाहमधली सर्वांत लांब नदी, ५६० किलोमीटर. तिच्या खालच्या भागात सुकाऊ आणि बिलित ही गावं आहेत, तिथे राहायची सोय आहे. सकाळी सहाला आणि दुपारी चारला होडी निघते. सहा वाजता उजाडतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधारतं.

इथली खरी राणी, माझ्या मते, प्रोबोसिस माकडं. ती बोर्निओशिवाय जगात कुठेच नाहीत. नराचं नाक हनुवटीच्या खाली लोंबतं, पोट मोठं, वजन वीस किलोपर्यंत. मादी त्याच्या निम्मी. पानं पचवायला त्यांचं पोट गाई-म्हशींसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, आणि ती चक्क रवंथ करतात. संध्याकाळी आख्खं कुटुंब झोपायला काठावरच्या झाडावर येतं. होडीवाला इंजिन बंद करतो. मग फांद्यांचा सळसळाट, नराचा नाकातून निघणारा घोगरा आवाज, आणि एकेक माकड हात पसरून पाण्यावरून पलीकडच्या झाडावर झेपावतं. त्या अर्ध्या तासात होडीतल्या आठ जणांपैकी कुणी बोललं नाही.

सबाहमध्ये धनेशाच्या आठ जाती आहेत आणि आठही या नदीवर आढळतात. आम्हाला पाच दिसल्या. लाल-केशरी शिंगाचा गेंडा धनेश डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा तो भस्-भस् आवाज ऐकून मी वर न बघताच ओळखलं, कारण आमच्याकडे महाधनेश असाच जातो. लोक त्याला गरुडच म्हणतात. होडीवाल्याला मी सांगितलं, की आमच्याकडेही मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर फटीतून भरवतो. तो ओरांग सुंगाई, म्हणजे नदीकाठच्या माणसांतला. त्याने मान डोलावली आणि त्याच्या आजीने दाखवलेली एक ढोली दाखवायला होडी वळवली.

हत्ती मात्र दिसले नाहीत. बोर्निओचा हत्ती आपल्या हत्तीपेक्षा थोडा लहान, चेहरा गोलसर, शेपूट लांब. सगळे मिळून हजाराच्या आसपास उरले आहेत आणि २०२४ साली त्यांची नोंद "धोक्यात" या यादीत स्वतंत्रपणे झाली. काठावर ताजी लीद आणि चिखलात पिल्लाची पावलं होती. होडीवाला बोट दाखवून म्हणाला, "गाजा." त्यांचाही हत्ती गजच आहे.

पाण्यात हात घालू नका. मगरी आहेत.

जंगलातला मोकळा ओरांगउटान दिसेलच, याची खात्री आहे का?

नाही, आणि जो खात्री देतो त्याच्याकडे बुकिंग करू नका. हा कळपात राहणारा प्राणी नाही. बहुतेक वेळ एकटा, झाडांच्या शेंड्यांत आणि पानांआड असतो.

आम्हाला तो दानुममध्ये दिसला. दानुम हे ४३८ चौरस किलोमीटरचं राखीव जंगल, लहाद दातू गावापासून दोन-अडीच तासांच्या कच्च्या रस्त्यावर. इथे कुऱ्हाड पोहोचली नव्हती. याच खोऱ्यात १०० मीटर ८० सेंटिमीटर उंचीचा पिवळा मेरांती जातीचा वृक्ष सापडला. २०१९च्या जानेवारीत एकाने वरपर्यंत चढून टेप सोडून त्याची उंची मोजली. त्याचं नाव ठेवलंय मेनारा, म्हणजे मिनार. आम्ही पाहिलेली झाडं त्याच्याहून लहान होती, तरी पहिली फांदी बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागत होती. एका खोडावर थाप मारून गाईड म्हणाला, "सेराया." त्याच्या मुळांच्या भिंती ताईच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या.

पहिल्या दिवशी फक्त घरटी दिसली. ओरांगउटान रोज संध्याकाळी नवं घरटं बांधतो. पानं हिरवी असतील तर ताजं, तपकिरी झाली तर जुनं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास गाईड थांबला. वरून उंबराच्या जातीच्या फळांचे चोथे पडत होते. आम्ही उभ्या राहिलो. वीस मिनिटं, तीस मिनिटं. वर "च्च" असा, लांबलचक मुका घेतल्यासारखा आवाज आला. नाराज झाला की तो असा आवाज करतो. गाईडने आम्हाला लगेच पन्नास पावलं मागे नेलं. मागे गेलो म्हणून तो दिसला. मोठा नर, गालांना ताटलीसारखे रुंद पट्टे, अंगावर जटांसारखे लांब केस. त्याने एकदा खाली पाहिलं, मग पुन्हा फळांकडे वळला. आम्ही त्याच्यासाठी बिनमहत्त्वाच्या होतो, आणि मला नेमकं तेच हवं होतं. सेपिलोकमधल्या आईला माणसाची सवय करावी लागली होती. याला कुणाचीच गरज नव्हती.

एक तास दहा मिनिटं. मी रडले, हेही बरेच जण विचारतात म्हणून सांगते.

जळवा फार असतात का?

असतात. तपकिरी जळू जमिनीवरून चढते, पट्टेवाली वाघ-जळू पानांवरून कमरेला, मानेला लागते आणि तिचा चावा कळतो. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळू-मोजे तिथे मिळतात, ते घ्या. आंबोलीत पावसाळ्यात हिंडलेल्यांना नवल वाटणार नाही. मीठ टाकू नका, नखाने बाजूला सरकवा. वाहणारं रक्त थोड्या वेळाने थांबतं.

मलेरियाची भीती?

सबाहमध्ये माकडांपासून डासांमार्फत माणसाला होणारा नोलेसी मलेरिया आहे, तो गंभीर होऊ शकतो. जायच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. पूर्ण बाह्या, डासांचं मलम, आणि परत आल्यावर ताप आला तर बोर्निओला गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वय झालंय, गुडघे दुखतात. जमेल का?

ताई ६१ वर्षांची आहे आणि तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सेपिलोकला लाकडी पायवाटा आहेत, नदीवर तर बसूनच बघायचं. फक्त दानुममध्ये चिखल आणि चढ-उतार आहेत. तिथे तिने काठी घेतली आणि लांबच्या वाटा सोडल्या. गुडघ्यांचा त्रास जास्त असेल तर दानुम गाळा, नदीवर दोन रात्री वाढवा.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

भात, परतलेल्या भाज्या, टोफू, अंडी आणि अप्रतिम फळं. "सायुर" म्हणजे भाजी, हा शब्द पाठ करा. अडचण एकच: बलाचान. ही आंबवलेल्या कोलंबीची वडी, चटणीत आणि कित्येक भाज्यांत चवीला घालतात. दिसत नाही. म्हणून नुसतं "मांस नको" म्हणू नका, "बलाचान नको" असंही सांगा. आम्ही सोबत मेतकूट आणि लसणीची चटणी नेली होती. तिसऱ्या दिवशी गाईडही भातावर मेतकूट घेऊ लागला.

खर्च किती आला?

माणशी एक लाख साठ हजारांच्या आसपास, विमानासकट. त्यात सगळ्यात महाग दानुम. तिथे आलिशान लॉज आहे आणि साधं संशोधन केंद्रही आहे. आम्ही केंद्रात राहिलो, जागा मर्यादित म्हणून पाच महिने आधी पत्रव्यवहार केला. मी चार वर्षं रिकरिंगमध्ये पैसे टाकले.

कोणता कॅमेरा न्यावा?

दुर्बीण न्या. आठ बाय बेचाळीसची. कॅमेऱ्याशिवाय चालेल, दुर्बिणीशिवाय नाही. शिवाय डोक्याला लावायची बॅटरी आणि पाणी न शिरणारी पिशवी. तिथले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असतात.

रॅफ्लेशियाचं फूल दिसलं का?

नाही. त्याला ना पान, ना खोड. एका जंगली वेलीच्या आत ते वाढतं, कळी फुगायला कित्येक महिने लागतात आणि फूल आठवडाभरात कुजतं. किनाबालू पर्वताजवळ पोरिंगला रस्त्याकडेला पाट्या लावतात, फूल उमललं असेल तर. आम्ही त्या बाजूला गेलोच नाही.

आणि गेंडा?

उशीर झाला. सबाहमधला शेवटचा नर सुमात्रन गेंडा, ताम, मे २०१९मध्ये गेला आणि शेवटची मादी, इमान, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. मलेशियात आता एकही नाही. मामा सांडाकानला होता तेव्हा ते त्या जंगलांत होते. "निवृत्तीनंतर बघू" म्हणणाऱ्यांना मी हे सांगते.

पामतेल खाणं सोडलंत का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सांडाकानहून सुकाऊला जाताना दोन-सव्वादोन तास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त तेलताडाचे मळे आहेत. एकसारखी झाडं, रांगेत, आणि खाली शांतता. नदीकाठचं जंगल म्हणजे त्या मळ्यांच्या मधली एक चिंधी आहे. प्राणी तिथे सहज दिसतात, त्याचं एक कारण हेच, की त्यांना जायला दुसरी जागा उरलेली नाही. २०१८च्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओतले एक लाखाहून अधिक ओरांगउटान कमी झाले. मादीला दोन पिल्लांमध्ये सात-आठ वर्षं लागतात. गेलेले सहजी भरून येत नाहीत.

पामतेलाचा सगळ्यात मोठा आयातदार भारत आहे. बिस्किटं, फरसाण, साबण, आणि आपल्या राज्यात सणाला वाटलेल्या "आनंदाचा शिधा"च्या पिशवीतही रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होतं. त्या शंभर रुपयांच्या पिशवीवर दिवाळी केलेल्या घराला मी तेल बदला असं सांगू शकत नाही. शिवाय एकरी इतकं तेल दुसरं कोणतंच पीक देत नाही. उद्या सगळ्यांनी सोयाबीन घेतलं तर जमीन आणखी लागेल. म्हणून मी घरी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरते, पाकिटाच्या मागचं वाचते, आणि कंपन्यांना मेल करून विचारते, की तेल प्रमाणित मळ्यातलं आहे का. सातांपैकी दोघांनी उत्तर दिलं. विचारणारे वाढले पाहिजेत.

सुकाऊमध्ये १९९८पासून हुतान नावाची संस्था काम करते आहे. गावातल्याच लोकांना घेऊन तुटलेले जंगलाचे तुकडे जोडणं, झाडं लावणं, ओढ्यांवरून दोरांचे पूल टांगणं. जाल तेव्हा गावातल्या माणसांकडेच राहा. पैसा तिथे थांबतो.

सह्याद्रीत काय कमी आहे, की इतक्या लांब जावं?

काही कमी नाही. आपल्याकडे शेकरू आहे, धनेश आहे, आंबोलीत मलबारचा उडता बेडूक आहे. परत आल्यावर मी गावामागच्या देवराईत जास्त जाऊ लागले. पण ओरांगउटान तिथेच आहे. त्याला भेटायला तिथेच जावं लागतं.

मुलांना नेलं तर चालेल?

दहा वर्षांपुढची, एक तास गप्प बसू शकणारी असतील तर जरूर. त्याआधी एखादं पोस्टकार्ड द्या.

मामाला फोटो दाखवलेत का?

दाखवले. तो आता ७६ वर्षांचा आहे, गुहागरला असतो. मी आधी ट्रंकेतलं कार्ड पुढे ठेवलं. ते आपण पाठवलं होतं, हे तो विसरला होता. मग सेपिलोकची आई आणि पिल्लू दाखवलं, मग दानुमचा नर. तो छान म्हणाला. त्यानंतरचा फोटो ताईचा होता, त्या मोठ्या झाडाच्या मुळांशी उभी असलेली. मामाने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. खोडावरून बोट वर सरकवत नेलं, फोटो संपेपर्यंत.

"सेराया," तो म्हणाला. "हे आम्ही आडवंच बघितलं गो."